महापाटीचे समाधानी ग्राहक

‘आमच्यासाठी सर्व ग्राहक समान आहेत. बोललेले शब्द तत्क्षणी पडद्यावर उमटवणारी नवी सुविधा प्रत्येक उपकरणाच्या क्षमतेनुसार, टप्प्याटप्प्याने आणि योग्य वेळी सर्वांपर्यंत पोहोचेल.’

हे निवेदन टॅबलेट बनवणाऱ्या एका कंपनीचे. तिचे दोन टॅबलेट बाजारात आहेत: साधी ‘पाटी’, आणि तिच्या दुपटीहून महाग असलेली ‘महापाटी’. नवी सुविधा साध्या पाटीला मिळाली, महापाटीला मिळाली नाही. लोक कारण विचारू लागले, तेव्हा उत्तरादाखल ही दोन वाक्ये आली. जुन्या हस्तलिखितांत मागाहून कोणी काय घुसडले हे शोधण्यात माझी हयात गेली असल्यामुळे कोणतेही वाक्य मी आधी उलटे धरून झटकतो आणि त्यातून काय पडते ते पाहतो. या वाक्यांतून धूळसुद्धा पडली नाही, इतकी ती रिकामी होती.

‘क्षमतेनुसार’ घ्या. महापाटीला आवाज टिपणारे मायक्रोफोन चार, पाटीला दोन. महापाटीची स्मृती मोठी, गती अधिक, काच जाड. म्हणजे जिला चार कान आहेत ती बहिरी, आणि जिला दोन आहेत ती ऐकते, वर लिहूनही घेते. ‘टप्प्याटप्प्याने’ म्हणायचे तर पहिला टप्पा झाला, दुसऱ्याचा उल्लेख कोठेही नाही. आणि एकच पायरी असलेल्या जिन्याला आपण उंबरठा म्हणतो. ‘पोहोचेल’ हे तर फारच निष्पाप क्रियापद. त्यात कोणी काही पाठवायचे नसते. वस्तू आपली आपण निघते आणि पोहोचते, किंवा वाटेत रमते.

राहिले ‘योग्य वेळी’. या दोन शब्दांवरून मी लेखक ओळखला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझ्या मेहुण्याने त्याच्या ताईची सायकल नेली होती आणि ती योग्य वेळी परत करण्याचे वचन दिले होते. सायकल आजतागायत पोहोचलेली नाही. मेहुणा मात्र पोहोचला: तो त्या कंपनीत ग्राहकांशी गोड बोलण्याच्या विभागाचा प्रमुख आहे. महापाटी आमच्या घरात आली तीही त्याच्याच जिभेवर बसून. ‘भाऊजी, घ्यायची तर महापाटीच घ्या. पाच वर्षं निश्चिंत. जे जे नवीन येईल ते आधी तुमच्याकडे.’ मी घेतली. ग्रंथ घ्यावा तर उत्तम आवृत्ती घ्यावी, या तत्त्वावर ज्याचे पोट भरले, त्याच्याकडून दुसरे काय होणार?

हा सगळा थयथयाट एका यंत्रासाठी असता तर मी आवरता घेतला असता. तो माझ्या बायकोच्या खुर्चीसाठी होता.

माझी बायको नाटकाची प्रॉम्प्टर आहे. रंगमंचाच्या डाव्या विंगेत, पडद्याच्या घडीआड, लहान टेबलावर मुठीएवढा दिवा आणि संहिता घेऊन ती बसते. नट अडला की पुढच्या वाक्याचा पहिला शब्द, फार तर दुसरा, त्याच्या कानाशी सोडते. अख्खे वाक्य सांगणारा प्रॉम्प्टर कच्चा, असे ती म्हणते. भुकेल्याला घास भरवायचा, ताट अंगावर ओतायचे नाही. मंडळींत सर्वांत जुनी फक्त दोन माणसे: ती स्वतः आणि प्रमुख नट. राजेरजवाड्यांच्या भूमिका करून करून त्याला सगळे ‘सम्राट’ म्हणतात, आणि त्याला ती थट्टा आहे हे अजून कोणी सांगितलेले नाही. सम्राटाचा विराम कोणता आणि सम्राटाचा विसर कोणता, हे जगात एकट्या माझ्या बायकोला कळते. विरामात शब्द सुचवला तर तो मध्यंतरात आकाशपाताळ एक करतो. विसरात नाही सुचवला तरीही करतो.

गेल्या वर्षभरात तिचे कान गेले. एकदम नव्हे, भाडेकरू जसा एकेक सामान हलवतो तसे. आधी पक्षी गेले, मग कुकरची शिट्टी, मग फोनमधली माणसे. श्रवणयंत्र आणले, त्याने विंगेतल्या पंख्याची घरघर सुरेख ऐकू येऊ लागली आणि त्या घरघरीत नट बुडाले. हे मला, कानाच्या डॉक्टरला आणि तिला ठाऊक. मंडळींत कोणाला नाही. ती ओठ वाचून वेळ मारून नेत होती. पण विंगेतून ओठ दिसतात कोठे? दिसतात पाठी.

नव्या नाटकाच्या तालमीत व्हायचे ते झाले. सम्राट बोलून गेलेले वाक्य तिने त्याला पुन्हा सुचवले. तो हात वर करून थांबला, आणि तालमीच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाला, “बाई, गाडी गेली हो! तुम्ही अजून मागच्याच स्टेशनावर तिकीट फाडताय?”

सगळे हसले. तीही हसली, कशाला हसतात ते तिला ऐकू आले नव्हते. दिग्दर्शिका हसली नाही. तिने ओठ दिसतील असा चेहरा करून, फार प्रेमाने सांगितले, “पहिल्या प्रयोगाला विंगेत कोण बसेल ते आपण लवकरच ठरवू हं. तुम्हालाही जरा विश्रांती.” विश्रांती हा शब्द प्रेमाने वापरला जातो तेव्हा त्यात माणूस काढण्याचा निर्णय आधीच झालेला असतो.

त्याच तालमीत सम्राटाने आपली नवी करामत काढली. त्याच्याकडे साधी पाटी. नव्या सुविधेने ती त्याचे संवाद लिहून दाखवत होती. “बघा, बघा, शब्द न् शब्द! यंत्रालासुद्धा माझी वाणी कळते!” तो सगळ्यांना दाखवत सुटला. माझ्या बायकोने पाहिले: यंत्राने शब्द न् शब्द घेतला होता, त्यातले निम्मे नाटककाराचे नव्हते. पण तिला दिसले ते वेगळेच. विंगेतल्या टेबलावर, संहितेशेजारी, अशी पाटी असेल तर?

ती घरी आली ती चपलांसकट माझ्या खोलीत. “महापाटी आणा. ते अपडेट का काय ते करा. आत्ता.”

मी बटण दाबले. यंत्राने थोडा विचार केला, की तसे सोंग घेतले, आणि लिहिले: ‘तुमचे उपकरण पूर्णपणे अद्ययावत आहे.’

“म्हणजे आलं?” तिने विचारले.

“म्हणजे येणार नाही,” मी कागदावर लिहून दाखवले.

दुसऱ्या दिवशी मी साधी पाटी आणायला गेलो. दुकानदाराने खांदे उडवले. “साधीला नवीन फीचर आलंय ना, सगळ्या उडाल्या. आता यायला दोनेक महिने. महापाटी हव्या तेवढ्या न्या, काका. पिशवीही देतो.” प्रयोग त्याच्या कितीतरी आधी होता. सम्राटाची पाटी मागावी, तर कशाला हवी ते सांगावे लागणार. आणि सम्राटाला सांगणे म्हणजे नाट्यगृहाच्या दारावर लिहिणेच.

मग मी कंपनीकडे तक्रार केली. रागात मी आवाज चढवत नाही, भाषा चढवतो. ‘अधिक मूल्य देणाऱ्यास अधिक प्रतीक्षेचा लाभ मिळवून देण्याच्या आपल्या दूरदृष्टीपुढे मी नतमस्तक आहे,’ अशी सुरुवात करून मी असा काही उपरोध रचला की तो वाचून कोणत्याही सुजाण वाचकाने तोंड लपवावे. काही क्षणांत उत्तर आले: ‘आपल्या मोलाच्या शब्दांनी आम्हाला बळ मिळाले. असाच लोभ असू द्यावा.’

शेवटी मेहुण्याला जेवायला बोलावले. वर्षभराने तो दारात उभा राहिला, हातात फुले आणि काखेत एक टॅबलेट. पाय आपटून बूट काढता काढता तो ओरडला, “ताई! काय झक्कास दिसतेस!” हे तिला ऐकू आले. तो नेहमी दारात ओरडतो. पुढे आवाज उतरत जातो, आणि महत्त्वाचे बोलायचे असेल तेव्हा तर ओठही हलत नाहीत.

पहिला घास घशाखाली उतरायच्या आत तिने विचारले, “माझ्या महापाटीला ते लिहून दाखवणारं कधी येणार रे, सोन्या?”

लहानपणी तिने ‘सोन्या’ म्हटले की पाठोपाठ धपाटा यायचा. त्याने खुर्ची जरा मागे घेतली. “येईल ना, ताई. योग्य वेळी.”

“निवेदन तूच लिहिलंस,” मी म्हणालो.

“भाऊजी, मी एकट्याने नाही. समिती असते.”

“समितीत किती जण?”

“मी आणि माझी सेक्रेटरी. ती रजेवर होती.” तो हसला. “पण भाऊजी, तुमचं ते पत्र! अहो, मोठ्या सभेत वाचून दाखवलं. सगळे उभे राहिले. ‘महापाटीचे ग्राहक किती समाधानी आहेत पाहा’ म्हणून साहेबांनी त्याची चौकट करून लावली जिन्यात. मी सांगितलं नाही कोणाला, हे आमचे भाऊजी म्हणून. उगाच वशिला वाटायचा.”

उपरोध ही दोन सुशिक्षितांमधली गुप्त खूण असते, असे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. दुसऱ्या बाजूला सुशिक्षित असावा लागतो, ही अट सांगायची राहून गेली.

बायको आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होती. तिला अर्धे कळत होते. मी सभेचा आणि जिन्यातल्या चौकटीचा वृत्तांत कागदावर लिहून तिच्यापुढे सरकवला. तिने वाचला आणि इतकी हसली की तिला ठसका लागला.

“किती वर्षं सांगतेय यांना,” ती भावाला म्हणाली, “लोकांशी सरळ बोला म्हणून. वाण्याला ‘आपल्या तराजूची उदारता’ म्हणतात. तो यांना सलाम करतो!”

भाऊ हात धुवायला उठला. नळाखाली हात धरून, आमच्याकडे पाठ करून तो काहीतरी बोलला. ती भात कालवत राहिली. तो पुन्हा बोलला. ती कालवत राहिली. मग तो वळला, आणि नळ तसाच सोडून तिच्याकडे पाहू लागला. नंतर माझ्याकडे. मी मिठाच्या भांड्याकडे पाहिले. अशा वेळी पाहण्यासारखी ती एकच गोष्ट टेबलावर होती.

“नळ बंद कर,” ती म्हणाली. “आणि बस. हो, मला ऐकू येत नाही. वर्ष होत आलं. आता ‘बापरे’ म्हणू नकोस, ते मला दिसतं.”

तो बसला. काहीतरी पुटपुटला, ते मलाही ऐकू आले नाही. तेव्हा तिने हात लांब केला आणि खुर्चीवर ठेवलेला त्याचा टॅबलेट उचलला. ती साधी पाटी होती. महापाटीचे गोडवे गाणारा मेहुणा स्वतः साधी पाटी वापरत होता.

“हे रे काय?”

“ऑफिसची आहे,” तो म्हणाला. “आमच्याकडे सगळ्यांकडे हीच. कुठलंही नवीन काही आलं की आधी आम्ही आपापल्या पाटीवर वापरून बघतो. अडखळलं की दुरुस्त करतो, मग बाहेर सोडतो. पद्धतच आहे तशी.”

“आणि महापाटी कोण वापरून बघतं?” मी विचारले.

त्याने डोके खाजवले. “आमच्या मजल्यावर... कोणी नाही. महाग आहे हो ती.”

म्हणजे ज्या यंत्रात सुधारणा करायची ते यंत्र सुधारणा करणाऱ्यांना परवडत नव्हते. स्वयंपाकघरात कोणीही चाखत नाही असा पदार्थ ते सर्वांत वरच्या दराने वाढत होते. मी हे बोलून दाखवणार होतो. पण एक उपरोध आधीच चौकटीत गेला होता, म्हणून गप्प बसलो.

तिने तोवर त्याच्या पाटीवरची सुविधा चालू केली होती. पाटी तिने मिठाच्या भांड्याला टेकवून उभी केली, चष्मा नाकावर सरकवला आणि न्यायाधीशासारखी हात बांधून बसली. “हं. आता बोल.”

तो घसा खाकरून बोलू लागला. पडद्यावर अक्षरे उमटू लागली तसा तो बिचकला. आपण बोलतो ते कोणी लिहून घेत आहे हे कळले की भल्याभल्यांचे व्याकरण सुधारते.

“ताई, तू आधी सांगायला हवं होतंस.”

“फोनवर? ऐकू येत नाही हे फोनवर सांगू? आणि तू ‘काय? काय?’ करशील ते कोण ऐकणार?” ती वाचून म्हणाली. मग पाटीकडे बोट करून, “शहाणी आहे हो ही. तुझं पुटपुटणंसुद्धा घेते. आईला कधी जमलं नाही.”

तिने त्याला सगळे सांगितले: विंग, पाठी, मागचे स्टेशन, दिग्दर्शिकेची विश्रांती. सांगताना चमचा ती उगाच पुसत राहिली. मग आत जाऊन महापाटी घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवली.

“ही तुझी. ती माझी.”

“ताई, अगं ही कितीतरी महाग आहे!”

“म्हणून तर तुला देतेय. तू धाकटा ना.”

“ऑफिसला काय सांगू?”

“सांग, पोहोचेल योग्य वेळी.”

दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन तालमीला गेली आणि दिग्दर्शिकेला एकटीला गाठून खरे सांगितले. दिग्दर्शिका म्हणाली, एक तालीम बघू. ती तालीम बिनचूक गेली. सम्राटाला शब्द वेळेवर मिळाले, आणि ते कोठून मिळाले याची चौकशी करण्याची त्याला कधीच सवय नव्हती. खुर्ची प्रयोगापुरती तिच्याकडे राहिली. प्रयोगापुरतीच, हे दिग्दर्शिकेने दोनदा सांगितले.

प्रयोगाला मी विंगेत तिच्या मागे स्टुलावर होतो. पाटीवर झाकण धरले होते, उजेड प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून. अक्षरे वाक्यामागून किंचित उशिरा येत. तेवढे अंतर ती सम्राटाच्या खांद्यावरून भरून काढी. विराम असला की त्याचा खांदा वर राही, विसर पडला की खाली येई. पहिला अंक सुरळीत गेला. दुसऱ्या अंकात दरबाराच्या प्रवेशात सम्राट मोठ्या आवेशाने वळला, आणि पाटीवर जी ओळ उमटली ती तिसऱ्या अंकातली होती.

पूर्वीची ती असती तर ऐकताच कळले असते. मधल्या वर्षातली ती असती तर खांदा वर आहे म्हणून निश्चिंत बसली असती, आणि महाराणी झालेली नवखी नटी तोंड उघडे ठेवून उभी राहिली असती. तिने ओळ वाचली. संहितेची पाने एका झटक्यात उलटली, परतीचा धागा शोधला, आणि सम्राटाला नव्हे, महाराणीला एक शब्द सोडला. मुलीने तो झेलला. महाराणीने सम्राटाला दरडावून दुसऱ्या अंकात परत आणले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो नाटकाचा भाग वाटला. सम्राटालाही वाटला.

पडदा पडल्यावर दिग्दर्शिका विंगेत आली आणि बायकोच्या समोर, दिव्यात चेहरा धरून म्हणाली, “पुढच्या प्रयोगाला लवकर या. खुर्चीचा पाय डुगडुगतोय, सुताराला दाखवू.” एवढेच. बायकोने मान हलवली आणि संहितेची पाने जुळवू लागली. पाटी तिच्या मांडीवर तशीच उघडी होती.

मेहुणा प्रेक्षकांतून आत आला. ताईच्या पाठीमागे, माझ्याजवळ उभा राहिला आणि तिच्याकडे पाहत राहिला. त्याचे डोळे ओले होते. पण मी त्या निवेदनाचा हिशेब अजून मिटवला नव्हता. मी या वेळी सरळ विचारले. एकही अलंकार न वापरता विचारले, की कोणी वापरून बघत नाही हे ठीक, पण एवढी महाग वस्तू विकून तुम्हाला हे बिनघोर चालते कसे? महापाटीवाले गप्प कसे बसतात?

ताईला ऐकू जाणार नाही या भरवशावर तो ओठ न हलवता, हळू आवाजात बोलला. बोलून झाल्यावर त्याची नजर तिच्या मांडीकडे गेली. ती पाने जुळवायची थांबली होती. तिने पडद्यावरचे शेवटपर्यंत वाचले, मागे न वळता पाटी खांद्यावरून माझ्याकडे दिली आणि म्हणाली, “हे ठेवा. तुमच्या कामाचं आहे.”

पाठ मिळाला तसाच द्यावा, त्यात आपले काही घालू नये, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम. म्हणून त्याचे अडखळणेही ठेवले आहे:

‘साधी पाटीवाला चिडला ना भाऊजी तर तो दुसऱ्या कंपनीकडे जातो. महापाटीवाला कुठे जात नाही. तो चिडला तरी पुढची महापाटी घेतो, कारण नाही घेतली तर म्हणजे म्हणजे पहिली घेतली तीच चूक होती असं होतं. म्हणून जे जाऊ शकतात त्यांना आम्ही जपतो. जे जाणारच नाहीत त्यांना कशाला जपायचं. आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, ताईकडे वर्षभर फिरकलो नाही ते पण तसंच. म्हटलं ताईच तर आहे. ताई कुठे जाणार.’